चूलबंद आवतन

‘आमची काही हरकत नाही’ असं म्हणत तुम्ही आजवर किती जणांना घराबाहेर काढलंत?

हा प्रश्न मी आधी आमच्या बिल्डिंगमध्ये विचारून पाहिला. सगळ्यांनी माना डोलावल्या, खरं आहे म्हणाले आणि आपापली दारं लावून घेतली. म्हणून आता तुम्हाला विचारते आहे.

मी इंदापूर तालुक्यातल्या कळसची. आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील कुठल्याही सभेला जायचे. पाण्याची असो, दुधाच्या दराची असो, आरक्षणाची असो. येताना खिशातून घडी घातलेली गुलाबी, पिवळी, पोपटी पत्रकं निघायची. मी अक्षरं त्यांच्यावर शिकले. शाळेच्या पुस्तकाआधी मला ‘बंधू-भगिनींनो, आणखी किती दिवस गप्प बसणार?’ एवढं घडाघडा वाचता यायचं. त्यानं माझं एक नुकसान झालं. छापलेलं वाक्य वाचलं की वाचणारा उठून काहीतरी करतो, अशी माझी समजूत झाली. ती अजून पुरती गेलेली नाही.

बारामतीत छपाईच्या दुकानात काम लागलं तेव्हा गावात सगळे म्हणाले, पोरगी शहरात गेली. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, उद्घाटनांची कार्डं, हे माझं काम. खोली मिळाली ती एमआयडीसीच्या रस्त्याला, खाली किराणा दुकान आणि वर भाड्याच्या खोल्या अशा बिल्डिंगमध्ये. मालक काटेवाडीचे. ऊस, गोठा आणि ही बिल्डिंग असा त्यांचा संसार. भाडेकरू बहुतेक आसपासच्या गावांतले, कंपन्यांमध्ये कामाला लागलेले.

शहरात कुणी तुम्हाला कोण, कुठली विचारत नाही, असं मी ऐकून होते. पहिल्याच दिवशी पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यातच गाव, आडनाव, मामाचं गाव आणि पाहुणे कुठले एवढं विचारून घेतलं. काकू इंदापूरकडच्याच, वरकुट्याच्या. मी धनगराची म्हटल्यावर त्या क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, “म्हंजी आपल्याच तालुक्याची की.” आणि वाटीभर लोणचं दिलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. परक्या ठिकाणी कुणी आपलं म्हटलं की बरं वाटतंच.

माझ्या शेजारच्या खोलीत एक नर्स राहायची. मिझोरामची. बारामतीतल्या एका दवाखान्यात कामाला होती. आम्ही कळसहून इथं आलो तर घर सोडलं म्हणून रडतो. तिला गावी जायचं तर रेल्वे, विमान आणि त्यापुढं डोंगरातली जीप. तरी बिल्डिंगमध्ये तिचं नाव ‘चायनावाली’. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ तिला नेपाळी म्हणायचे. ती भारतातली आहे असं मी त्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, व्हय व्हय, नेपाळ आपलंच हाय. आता या माणसाशी भांडायचं तरी कुठून सुरू करायचं?

ती काही देवमाणूस नव्हती. रविवारी सकाळी मोठ्यानं गाणी लावायची. दोरीवर जागा दिसली की दुसऱ्याचे कपडे सरकवून आपले वाळत घालायची. हसायला लागली की खालच्या किराणा दुकानात ऐकू जायचं. तिची मराठी सगळी दवाखान्यातली, म्हणजे हुकूम तेवढे यायचे. जिन्यात काकू पसरून भाजी निवडत बसल्या होत्या आणि हिला वर जायचं होतं, तर ही अतिशय आदरानं म्हणाली, “आजी, कूस बदला.” काकूंना हसू आवरेना. पुढं कितीतरी दिवस काकू स्वतःच जिन्यात म्हणायच्या, थांब बाई, कूस बदलते. काकूंचं हे मला आवडायचं. म्हणून पुढं जे झालं त्याचा राग मला आजही नीट करता येत नाही. बाई वाईट असत्या तर सोपं होतं.

नर्सला एक मुलगी. सात-आठ वर्षांची, आजीकडं राहणारी. तिला जूनपासून इथल्या शाळेत घालायचं आणि आपल्याजवळ ठेवायचं, हे तिच्या आईचं एकच काम चाललेलं. नवरा नाही. शाळेनं राहत्या जागेचा कागद मागितला होता आणि आमच्या खोल्यांचे करार मे महिन्यात संपत होते. मालकांनी तिला सांगितलं होतं की, बाकी काही न्हाय, बिल्डिंगमधल्या लोकांत जरा मिसळा, मग करार वाढवायला मला काय. ती मला विचारायची, मिसळायचं म्हणजे काय करायचं? मी काय सांगणार? मला कुणी मिसळायला सांगितलंच नव्हतं. माझं तालुक्यावर भागलं होतं.

एप्रिलमध्ये मुलगी सुट्टीला आली. त्याच सुमाराला काकू आणि त्यांचे यजमान काशीला जाऊन आले. काशीहून आल्यावर आमच्याकडं भावकीला, शेजारपाजाराला जेवू घालतात, त्याला मावंदं म्हणतात. काकूंची भावकी वरकुट्याला, म्हणून तिकडं एक मावंदं झालं आणि बिल्डिंगसाठी दुसरं, इथं गच्चीवर मांडव घालून. काकू स्वतः दारोदार आवतन द्यायला निघाल्या. माझ्या दारात आल्या, मग शेजारच्या. नर्सच्या कपाळाला कुंकू लावून म्हणाल्या, “तुमचं बी चूलबंद हाय बरं का.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी हिंदीत समजावून सांगितलं. आवतन दोन तऱ्हेचं असतं. घरटी एक म्हणजे घरातल्या एकानं जायचं. चूलबंद म्हणजे सगळ्या घरानं जायचं, त्या दिवशी त्या घरात चूलच पेटवायची नाही. शेवटचं लेकरूसुद्धा त्यांच्या पंगतीला. तिला ते इतकं आवडलं की तिनं तिथल्या तिथं आईला फोन लावला आणि तिच्या भाषेत खूप वेळ बोलत राहिली. मधूनमधून गॅसच्या शेगडीकडं बोट दाखवत होती, जणू आईला ती दिसत होती.

मग तिनं मला विचारलं, किती वाजता जायचं. मी तिला पुढची रीत सांगितली. आवतन मिळालं म्हणून कुणी उठून जात नाही. पान वाढायला घेतलं की ज्यांच्या घरी जेवण आहे तिथलं माणूस पुन्हा दारोदार येतं, चला, पंगत बसतेय म्हणतं. ते बोलावणं. बोलावण्याआधी जाणारा हावरा दिसतो. माझे वडील आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर बसून राहायचे. कुणी बोलवायला आलं की मग सावकाश, आत्ताच आठवल्यासारखे उठायचे. तिनं सगळं ध्यान देऊन ऐकलं. तिच्या गावात म्हणे जेवणाची घंटा वाजवतात. इथं घंटा नाही, माणूस येतं, एवढा फरक.

जेवणाच्या दिवशी लग्नसराईचं काम होतं म्हणून मी सकाळी दुकानात गेले. दुपारी माझ्या मोबाईलवर बिल्डिंगच्या ग्रुपचा मेसेज आला. काकूंच्या मुलानं टाकला होता: जेवण तयार आहे, सर्वांनी त्वरित गच्चीवर यावे. खाली हात जोडलेले. मी काम आवरून पोचले तेव्हा दुसरी पंगत उठत होती. मी आमटीची बादली हातात घेतली आणि वाढायला लागले. पुरणपोळी, कटाची आमटी, भात, भजी. उन्हानं मांडव तापला होता आणि सगळे घामाघूम होऊन आग्रह करत होते. तिसरी पंगत उठली तरी मला त्या दोघी दिसल्या नाहीत. मला वाटलं, पहिल्या पंगतीला बसून गेल्या असतील.

तरी काकूंना विचारलं, सिस्टर जेवल्या का?

“आल्याच न्हाईत की,” काकू म्हणाल्या. “मी सोता आवतन दिलं हुतं. आता ज्याची त्याची मर्जी.”

तिसऱ्या मजल्यावरचे ते गृहस्थ हात धूत होते. ते म्हणाले, “त्यांना आपलं गोड कुठं चालतंय? त्यांचं जेवण येगळं.” दोघंतिघं हसले.

मी बादली तिथंच ठेवली आणि खाली गेले. तिचं दार उघडं होतं. दोघी पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. नर्सनं त्यांच्याकडचं तांबड्या-काळ्या पट्ट्यांचं विणलेलं वस्त्र नेसलं होतं, सणावाराला नेसतात ते. मुलीचे केस पाणी लावून घट्ट बांधलेले. शेगडीवर काही नव्हतं, ओट्यावर एक भांडं नव्हतं. चूल बंद होती. मला पाहून ती पटकन उठली आणि मुलीला म्हणाली, चल, बोलावणं आलं.

तिला वाटलं, मला पाठवलंय.

मी दोघींना वर घेऊन गेले. तोवर चटया गुंडाळून झाल्या होत्या आणि बायका घंगाळात ताटं विसळत होत्या. काकू गडबडल्या. आचाऱ्याशेजारी, पातेल्यांच्या आडोशाला त्यांनी एक चटई टाकली, दोघींना बसवलं आणि वाढलं. पोळ्या गार झाल्या होत्या. काकूंनी तूप मात्र सढळ घातलं. बाकीचे मांडवाचे खांब सोडत होते आणि पाहत होते. मुलीनं पोळीचा तुकडा तोडून तोंडात घातला आणि आईच्या कानात काहीतरी विचारलं. आई म्हणाली, खा.

त्या रात्री ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की काही लोकांना आवतन देऊनही वेळेवर यायचं कळत नाही, नंतर येऊन वेगळं बसतात. खाली सहमतीचे अंगठे. माझं डोकं फिरलं. मी लिहिलं की बोलावणं फक्त ग्रुपवर गेलं आणि ती ग्रुपवर नाही. ती कधीच नव्हती. पाणी कधी येणार हेही तिला माझ्याकडून कळतं. मग एकानं सुप्रभातचं चित्र टाकलं. रात्रीच.

दुसऱ्या दिवशी मी काकूंच्या मुलाला गाठलं. तो ग्रुपचा ॲडमिन. त्याला म्हटलं, तिचा नंबर घे. तो म्हणाला, मराठी ग्रुप आहे, तिला काय कळणार. मी म्हटलं, टाकी भरली एवढं कळलं तरी पुरे. मग म्हणाला, भाडेकरूंना घेत नाही. बिल्डिंगमध्ये तो धरून सगळेच भाडेकरू, हे त्याच्या ध्यानात आलं नसावं.

“मग मी कशी काय ग्रुपवर?” मी विचारलं.

“तुझं येगळं. तू आपली हायेस.”

मला घरचं आठवलं. माझे आजोबा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागायचे. वाटेत बागायतदार हाक मारून बोलवायचे, आमच्या रानात मेंढरं बसवा म्हणून. लेंड्यांचं खत हवं असायचं. मेंढरं रानात आणि बिऱ्हाड ओढ्यापलीकडं. विहिरीचं पाणी मागितलं तर वरून ओततील तेवढं. तेव्हा आम्ही कुणाचेच आपले नव्हतो. खत तेवढं आपलं होतं. आणि आता या पोरानं मला आपली म्हटलं ते कुणाला तरी बाहेर ठेवण्यासाठी. असलं आपलेपण मला नको होतं, पण ते परत करायची सोयही कुठं नव्हती. मी ग्रुप सोडला. त्यावरही एखादं सुप्रभातचं चित्र आलं असणार.

करार संपायला आला तसं मालकांनी फोन उचलणं कमी केलं. शेवटी मी नर्सला स्कूटीवर मागं बसवून काटेवाडीला गेले. मालक, म्हणजे तात्या, गोठ्यात होते. खुर्च्या दिल्या, धारेचं दूध घालून चहा केला, मुलीची चौकशी केली. सिस्टर लई चांगल्या, म्हणाले. त्यांच्या आईला घरी सलाईन लावायला ती दोनदा येऊन गेली होती, तेही स्वतःहून सांगितलं. मग म्हणाले, पण बिल्डिंगमध्ये चार लोकांचं बघावं लागतं.

“चार लोक कोण, तात्या?”

“लोक म्हंजी लोक गं.”

“नावं सांगा. मी बोलते त्यांच्याशी.”

“नाव कुनाचंच न्हाय. हरकत बी कुनाचीच न्हाय. पर मिसळत न्हाईत म्हनत्यात.”

मी मावंद्याची सगळी हकिगत सांगितली. त्यांनी ऐकली, वाईटही वाटलं त्यांना. मग त्यांनी तोडगा काढला. “असं करा. आपल्या भागातलं एक घर येऊन माझ्यापुढं म्हनू दे, की ही बाई आमाला शेजारी हवी. एकच घर. मी त्याच दिवशी करार करतो.”

मी म्हटलं, मी म्हणते की.

“तू एकटी पोरगी. उद्या लगीन करून जाशील. घर म्हंजी घर पायजे, बायका-पोरंवालं.”

नर्सला हे सगळं कळलं नसेल असं मला वाटत होतं. परत येताना मागून ती हिंदीत म्हणाली, एकच घर ना? मग सोपं आहे, काकू आहेत.

मी दारं वाजवली. सगळी. प्रत्येक दारात मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि आमची काही हरकत नाही म्हणाले. मी म्हणायचे, मग काटेवाडीला चला, एवढंच तिथं म्हणा. मग यजमान घरी नसायचे, नाहीतर सुट्टी नसायची, नाहीतर मोठ्या दिरांना विचारावं लागायचं. काकूंकडं मी सगळ्यांत शेवटी गेले, कारण भीती वाटत होती.

काकू पदराशी चाळा करत म्हणाल्या, “मी कधी वंगाळ बोलले का तिला? सांग. पर मालकापुढं जाऊन म्हनायचं म्हंजी जबाबदारी आली. उद्या काय इपरीत झालं तर सगळी म्हनत्याल, वरकुटेकरणीनं ठेवून घेतली.”

“काय विपरीत होईल?”

“ते मला काय ठावं?”

“तुम्ही तिचं चूलबंद केलं होतं, काकू.”

त्यांचे डोळे भरून आले. तरी त्या उठल्या नाहीत.

मग मी मला जे येतं ते केलं. पत्रक लिहिलं. दुकानमालकाची परवानगी घेऊन तिथल्या मशीनवर गुलाबी कागदावर काढलं आणि प्रत्येक दाराखालून सरकवलं. त्यात सगळं होतं. बोलावणं मोबाईलवर आणि माणूस दाराआड, हे होतं. आपल्याला कंपनीत कुणी खेडवळ म्हटलं की किती लागतं, ते होतं. आपली पोरं उद्या बंगळूरला, दिल्लीला खोली शोधतील तेव्हा त्यांना कुणी काय म्हणावं असं आपल्याला वाटतं, हेही होतं. रात्रभर जागून एकेक शब्द पारखला होता.

संध्याकाळी जिन्यात सगळे भेटले. भाषा झकास जमलीय, म्हणाले. काकूंचा मुलगा म्हणाला, शेवटचा परिच्छेद तर लई भारी, आमच्या मंडळाचं पत्रक पण तूच लिहून दे. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी एका शब्दावर शंका काढली. माझ्या आयुष्यात माझ्या लिहिण्याचं इतकं कौतुक कधी झालं नव्हतं. काटेवाडीला मात्र कुणीही गेलं नाही.

मे संपायच्या आत तिनं खोली सोडली. मुलीला एका ओळखीच्या बाईसोबत परत आजीकडं पाठवलं. ती स्वतः आता दवाखान्याच्या वसतिगृहात राहते, तिथं लेकरांना परवानगी नाही. निघताना तिनं काकूंच्या पाया पडून निरोप घेतला. हे कुणी शिकवलं होतं कोण जाणे, मी तरी नाही. काकूंनी तिच्या पिशवीत लोणच्याची बरणी घातली आणि ती गेल्यावर मला म्हणाल्या, गुणाची होती गं. ‘होती’ म्हणाल्या. ती बारामतीतच आहे, काकूंच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर.

ती अजून खोली शोधते आहे. मी सुट्टीच्या दिवशी तिच्यासोबत जाते. फोनवर खोली असते, मराठीत बोलणारी मी असते म्हणून. दारात पोचल्यावर घरमालक तिला बघतात आणि खोली आत्ताच गेलेली असते. हरकत कुणाचीच नसते. शाळेनं मुलीची जागा थोडे दिवस राखून ठेवायचं कबूल केलं आहे. मुलगी रोज फोनवर विचारते.

आमच्या मजल्यावरची ती खोली अजून रिकामी आहे. मी परवाच तात्यांना विचारलं. त्यांचं म्हणणं तेच आहे, एक घर येऊ दे.

म्हणून हे लिहिते आहे. भाषा कशी जमली ते मला सांगू नका. तुम्ही बारामतीत किंवा इंदापूरकडच्या कुठल्याही गावात राहत असाल, घरी बायका-पोरं असतील आणि तुमची खरोखरच हरकत नसेल, तर या रविवारी सकाळी घरच्यांना घेऊन माझ्याबरोबर काटेवाडीला चला. तात्या धारा काढून मोकळे झालेले असतात. त्यांच्यासमोर उभं राहून एकदा मोठ्यानं म्हणा, की ही बाई आणि तिची मुलगी आम्हाला शेजारी हव्यात.